घाट तिसऱ्या गेरवर

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी अर्जुनराव घोंगट्यांनी बैलांच्या गोठ्यात इंजिन बांधायला घेतलं, तेव्हा रोहिणखेडात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बैल विकून पाच वर्षं झाली होती, गोठा रिकामाच होता, आणि हातात पाना नसला की अर्जुनरावांना जेवण गोड लागत नाही हे गावाला ठाऊक होतं. नवल वाटलं ते पुढं, ते इंजिन कुणाच्या जोडीनं बांधलं जातंय हे कळल्यावर.

ट्रक होता बासष्ट सालचा. पुढं लांब नाक, पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरचा. खामगावच्या एका जिनिंग प्रेसनं लिलावात काढला, तो अर्जुनरावांनी घेतला आणि पंधरा वर्षं त्यात वांगी, भेंडी, टमाटे, मिरच्या भरून बुलढाण्याच्या मंडईत नेल्या. गावानं त्याचं नाव ठेवलं नाकाड्या. सपाटीला नाकाड्या चांगला पळायचा. पण मोताळा मागं पडून राजूर घाट लागला की त्याचा दम उखडायचा. आधी दुसरा गेर, मग पहिला, मग रेडिएटरमधून वाफ. शेजारी बसलेल्या सोजराबाई, म्हणजे अर्जुनरावांच्या मंडळी, खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायच्या. मागून येणारी एसटी बाजूनं निघून जायची, आणि तिच्या खिडकीतून हटकून कुणीतरी विचारायचं, “धक्का देऊ का, पाटील?”

पुढं मुलानं, गोपालनं, पिकअप घेतली. माल तिच्यातून जायला लागला आणि नाकाड्या लिंबाखाली उभा राहिला. पण अर्जुनरावांच्या डोक्यातून घाट काही उतरला नाही. एकदा, फक्त एकदा, तो तिसऱ्या गेरवर चढायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

धाड गावात त्यांचा जुना दोस्त कडूबा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्यानं सांगितलं, “इंजिन तेच ठेव, पण त्याले टर्बो लाव. धुराच्या जोरावर पंखा फिरते आन् हवा कोंबते. आन् कार्बोरेटर काढून फेक, इंजेक्शन बसव. म्हाताऱ्याले नवं फुप्फुस भेटलं समज.” अर्जुनरावांना ते फुप्फुसाचं बोलणं पटलं. त्यांनी आधी ब्रेक नवे केले, कारण चढलेला घाट उतरावाही लागतो. मग इंजिन खाली उतरवलं, जुन्या बाजेच्या लोखंडी पायांचा घोडा करून त्यावर बसवलं. सिलिंडर मलकापुरात बोअर करून आणले. भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो आणला, त्याला बसेल असा पाइप स्वतः वेल्डिंग करून बनवला. सहा इंजेक्टरसाठी सहा भोकं पाडली. गोपाल आरटीओच्या कागदपत्रांमागं लागला. हे सगळं होईतो दिवाळी उलटून गेली. आणि मग काम अडलं ते एका काळ्या डबीपाशी.

ही डबी म्हणजे इंजेक्शनचा कॉम्प्युटर. कुठल्या सिलिंडरला कधी, किती पेट्रोल द्यायचं हे ती ठरवणार. पण आधी तिला ते लॅपटॉपवरून शिकवावं लागतं. पुण्याचा एक जण येऊन शिकवणार होता. तो ‘या रविवारी नक्की’ असं सहा रविवार म्हणाला. अर्जुनराव डबी उघडून तिच्याकडं बघत बसायचे, जणू ती केव्हातरी आपणहून बोलेल.

अशा एका सकाळी सोजराबाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाल्या, “ऐकता का जी, सूनबाई म्हणते, ते डबडं मी लावून देते.”

इथं घोंगट्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. सून अनुपमा जळगाव जामोदची, लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरामागं शेडनेटमध्ये भाजीच्या रोपांची रोपवाटिका तिनंच उभी केली होती आणि आता आसपासच्या सात गावांतून लोक रोपं न्यायला यायचे. पण सासऱ्यासमोर आली की डोक्यावर पदर, आणि बोलणं सासूच्या मार्फत. ‘मामाजीले म्हणा, जेवाले वाढलं.’ ‘तिले म्हणा, येतो.’ तसं कर असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सोजराबाई स्वतःच्या सासऱ्याशी तसंच वागल्या होत्या, तिनं ते पाहून उचललं, आणि अर्जुनरावांनाही ते बरंच वाटलं होतं. सुनेशी काय बोलायचं असतं, हे त्यांना मुळात माहीतच नव्हतं.

“तिले म्हणा, हे काही मोबाईल नाई,” अर्जुनराव म्हणाले.

सोजराबाई अंगण ओलांडून ओसरीत गेल्या आणि परत आल्या. “ती म्हणते, चाकणच्या कंपनीत अडीच वर्षं तिनं हेच केलं. इंजिन टेबलावर बसवाचं, आन् लॅपटॉपवर त्याले पेट्रोल किती लागते ते पाहाचं.”

अर्जुनरावांनी हातातली डबी खाली ठेवली. मुलगी पाहायला गेले तेव्हा ‘कंपनीत कॉम्प्युटरवर आहे’ एवढंच कानावर आलं होतं. ती पगारपत्रकं करत असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः तिला एकच प्रश्न विचारला होता. पोहे तूच केले का.

“तिले म्हणा,” ते डबी पुढं सरकवत म्हणाले, “पायजे तर पाहा.”

दुसऱ्या दिवशी रोपांना पाणी देऊन झाल्यावर अनुपमा ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली. तिथून गोठ्यापर्यंत लांब तार ओढली. तार गोठ्यात, सासरा गोठ्यात, सून ओसरीत, आणि मधल्या वीस पावलांच्या अंगणात सोजराबाई. त्यांच्या हातात निवडायची मेथी होती. ती त्या येता-जाता निवडत होत्या.

इंजिनाच्या पुढच्या पुलीवर छत्तीस दातांचं एक चाक बसवलेलं होतं. त्यातला एक दात मुद्दाम काढलेला असतो. तो रिकामा खड्डा समोरून गेला की कॉम्प्युटरला इंजिन कुठवर फिरलं ते कळतं. पहिला पिस्टन वर आला असताना तो खड्डा कितव्या जागी आहे, तेवढं अनुपमाला हवं होतं. तिनं ते सोजराबाईंना नीट समजावून सांगितलं. सोजराबाईंनी त्यातलं कामाचं तेवढं घेतलं आणि अंगण ओलांडलं.

“ती म्हणते, एक दात कमी हाय, तो कोणता ते सांगा.”

अर्जुनरावांची जीभ आपोआप वर गेली. “वरच्या अंगाची डावी दाढ. पण तिले त्याचं काय करायचं हाय?”

सोजराबाई गेल्या आणि आल्या. “वर-डावी असं नाई म्हणे. मोजून कितवा ते पायजे.”

अर्जुनरावांनी आरशासारखा चकचकीत टर्बो चेहऱ्यासमोर धरला, तोंड उघडलं, बोटानं मोजलं. “समोरून सहावा. आता कॉम्प्युटरले दातही लागतात का?”

“सहावा,” सोजराबाईंनी ओसरीत कळवलं. अनुपमानं सहा घातला. “मारा म्हणा स्टार्टर.”

अर्जुनरावांनी स्टार्टर मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि बंदुकीसारखा बार झाला. लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या, शेजारची म्हैस दावं तोडून निघाली आणि अर्जुनरावांच्या तोंडावर काजळीचा थर बसला.

अनुपमा ओसरीतून धावत अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथं रीत आठवून थांबली. “आई, मामाजींनी दात कुठून मोजला?”

“तोंडातून,” सोजराबाई म्हणाल्या. “मंग कुठून मोजतीन?”

अनुपमानं पदर तोंडावर घेतला, पण खांदे काही लपेनात. ती वळली आणि पाठमोरी हसत ओसरीपर्यंत गेली. अर्जुनरावांना आधी राग आला. मग काजळी पुसता पुसता त्यांनी पुलीवरचं ते चाक पाहिलं, त्यातला खड्डा पाहिला, आणि सगळा घोळ त्यांच्या ध्यानात आला. ते एकटेच गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून पुष्कळ वेळ हसले. नंतर पिस्टन वर आणून त्यांनी चाकाचे दात मोजले. “अकरावा म्हणा. लोखंडाचा.”

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक निरोप धाडला. “तिले म्हणा, हिकडे पंख्याजवळ येशीन तं डोक्यावरचा पदर काढून कमरेले खोच. पट्ट्यात गुंतला तं मानेसगट घेऊन जाईन.” रीत काय ती माणसांसाठी, पंख्याला कसली आलीय रीत, असं त्यांना वाटलं. त्यानंतर अनुपमा कमरेला पदर खोचून गोठ्यात यायला लागली. बोलणं मात्र अजून सोजराबाईंच्याच मार्फत, मग त्या दोघांच्या मधे उभ्या असल्या तरी.

मधे टर्बो आणि त्याच्या नळ्या बसवण्यात आठ-दहा दिवस गेले. मग अकरावा दात घातल्यावर इंजिन लागलं. पहिल्या धक्क्याला नाही, पण चौथ्याला. सहाच्या सहा सिलिंडर बोलायला लागले. हळूहळू आवाज एकसारखा झाला आणि टर्बोची बारीक शिट्टी वर चढली. अर्जुनरावांनी हात इंजिनावर ठेवला. पंधरा वर्षं ज्याला रडताना ऐकलं, ते असं गुणगुणतंय हे त्यांना खरं वाटेना.

मग धूर आला. आधी थोडा निळसर, मग ढगासारखा. गोठा भरला, ओसरी भरली. शेजारच्या पुष्पाबाई कुंपणाशी येऊन विचारायला लागल्या, काही पेटलं का. अर्जुनरावांनी इंजिन बंद केलं. टर्बोचा पाइप सोडवला तर आत तेल साचलेलं.

टर्बोला तेल जातं ते दाबानं, पण परत येतं ते आपल्या वजनानं. परतीची नळी रुंद लागते आणि सरळ उताराची लागते. अर्जुनरावांनी ती बारीक घेतली होती, वर दिसायला छान म्हणून तिला गोल वळण दिलं होतं. तेल वळणात अडलं आणि जिथं वाट मिळाली तिथून धुरात गेलं. हे सगळं त्यांना आता, नळी हातात घेतल्यावर, स्वच्छ दिसत होतं.

“नळी,” ते स्वतःशीच म्हणाले.

अनुपमानं सासूकडं पाहिलं. “आई, तुम्ही सांगितलं होतं ना, नळीचं?”

सोजराबाईंना मेथीत एकदम फार काड्या दिसायला लागल्या.

“काय सांगाचं होतं?” अर्जुनरावांनी विचारलं.

“आता काय,” सोजराबाई म्हणाल्या. “आठ दिसांपयले तुम्ही नळी बसवली, तवा ती म्हणे, मामाजीले म्हणा ही नळी चुकली, बदला.”

“आन् तू मले काय सांगतलं?”

“सांगतलं, सूनबाई म्हणे नळी लय मस्त झाली.” त्यांनी एक काडी उपटून फेकली. “कायले तुमचं मन मोडावं. तुम्ही तिच्याकडे कौतुकानं पाहून राह्यले होते.”

अर्जुनरावांनी पाना खाली ठेवला. राग यायला हवा होता, पण आली ती लाज. आपल्याला चूक सोसणार नाही, असं घरातल्या दोघी धरून चालल्या होत्या. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. एकदा कडूबानं एका जोडाला वाकडा म्हटलं, तर आपण दोन वर्षं धाडला पाय ठेवला नव्हता. तेव्हा सोजराबाईंनी काय नवं केलं? त्यांनी आयुष्यभर हेच केलं असणार. कितीतरी गोष्टी अंगणात गाळून मग आपल्यापर्यंत आणल्या असणार.

त्यांनी मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सुनेकडं सरळ पाहिलं. “तुले ठाऊक होतं?”

अनुपमानं सवयीनं सासूकडं पाहिलं. सोजराबाई मेथीची जुडी घेऊन चुलीकडं निघून गेल्या होत्या. मधे कुणी उरलं नव्हतं.

“हो, मामाजी,” ती म्हणाली.

“आजपासून जे दिसन ते माह्या तोंडावर सांगाचं.”

“तुम्ही रागवाल.”

“रागवीन. पण तरी सांगाचं.”

अनुपमा तेलाच्या टाकीपाशी वाकली. “मग सांगते. नळी तर बदलायचीच, पण ती तेलाच्या टाकीत जिथं जोडली ती जागाही खाली झाली. चार बोटं वर पाहिजे. आणि पेट्रोलच्या पाइपवरचे क्लिप हलके आहेत, ते मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत.”

“सगळं आजच सांगशीन का?” अर्जुनराव म्हणाले आणि खाली वाकून टाकीचे बोल्ट सोडायला लागले.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत घोंगट्यांच्या घरची शांतता पार संपली. सासरा-सून बोलायला लागले ते भांडायलाच लागले. अर्जुनरावांना टर्बोचा दाब दहा पौंड हवा होता. अनुपमा पाचाच्या वर जायला तयार नव्हती. “साठ वर्षांचं लोखंड आहे, मामाजी. दहाला फुटेल.”

“जुनं लोखंड पक्कं असते.”

“असते ना. पण इंजिनाचं डोकं उडून छपराच्या पत्र्यातून गेलं तर पत्रा नवा आहे.”

गोपाल बुलढाण्याच्या मंडईतलं आपलं भाजीचं दुकान बंद करून यायचा तेव्हा दोघं एका बाजेवर बसलेले असायचे, मधे लॅपटॉप. अर्जुनराव चष्मा नाकावर ओढून पडद्यावरचा एक आकडा शिकत होते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाखवणारा. चढावर तो बाराच्या आसपास राहायला हवा. तेरा झाला की मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रणावर जोर केला की पिस्टन वितळतो. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण बारा आणि तेरा कुठल्याही भाषेत ओळखता येतात. “पातळ वरण आन् जड काम, असं झालं,” ते म्हणाले. अनुपमा म्हणाली, “अगदी तसंच.”

“माह्या घरात दोन मेकॅनिक झाले,” सोजराबाई पुष्पाबाईंना सांगत होत्या. “आधी दोघाईचं बोलणं मी वाहून नेत होती, तवा निदान अर्धं तरी रस्त्यात सांडत होतं.” तक्रार होती, पण आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

इंजिन नाकाड्यात बसलं. गावातल्या रस्त्यावर, मग धामणगाव बढेपर्यंत, मग मोताळ्यापर्यंत चालवून पाहिलं. आणि एका गुरुवारी, न्याहारी करून, नाकाड्या घाटाकडं निघाला. अर्जुनराव चालवायला, मधे अनुपमा मांडीवर लॅपटॉप घेऊन, खिडकीशी सोजराबाई, आणि मागून मोटरसायकलवर गोपाल. मागं वीस पोती सोयाबीन भरलं होतं, कारण रिकामा ट्रक चढवण्यात काही अर्थ नाही, असं अर्जुनरावांचं म्हणणं होतं.

घाटाचं पहिलं वळण आलं. अर्जुनरावांचा हात आपोआप गेरच्या दांड्यावर गेला, दुसरा टाकायला. त्यांनी तो मागं घेतला. पाय दाबला. शिट्टी चढली आणि नाकाड्या तिसऱ्यावर तसाच वर निघाला, मागून कुणी तळवा लावून ढकलावं तसा.

“बारा,” अनुपमा वाचत होती. “बारा. साडेबारा. बारा.”

दुसरं वळण, तिसरं. सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून उडत होती. सोजराबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती.

“तेरा. पाय उचला, मामाजी.”

“थोडासाच राह्यला—”

“उचला म्हणते ना.”

अर्जुनरावांनी पाय उचलला. अनुपमानं काहीतरी बदललं, तीन-चार कळा दाबल्या. “आता द्या.” त्यांनी दिला. बारा.

वर पोहोचायला दोन वळणं उरली होती. तेवढ्यात पुढं कापसानं फुगलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली आली. तिच्यामागं एसटी, एसटीमागं नाकाड्या. ट्रॉली चालत होती की उभी होती ते सांगणं कठीण. अर्जुनरावांनी दात-ओठ खाल्ले, पण इलाज नव्हता. त्यांनी दुसरा टाकला. तसाच, दुसऱ्यावर, नाकाड्या घाट चढून माथ्यावर आला.

त्यांनी ट्रक बाजूला घेतला आणि इंजिन चालू ठेवूनच बसून राहिले. पाणी उकळलं नव्हतं, वाफ नव्हती, तेल जागच्या जागी होतं.

“चढला न जी,” सोजराबाई म्हणाल्या.

“दुसऱ्यात चढला.”

“ट्रॉली होती समोर. कोणी काही म्हणन का?”

“मले ठाऊक हाय न.”

सोजराबाईंच्या मनात समजुतीचे चार शब्द तयार होते. पण अनुपमानं लॅपटॉपवरचं काहीतरी जपून ठेवलं आणि म्हणाली, “नाही, आई. मामाजी बरोबर म्हणतात. दुसऱ्यातच चढला.” मग सासऱ्याकडं वळून, “फिरवा. अजून अकराच वाजलेत.”

अर्जुनरावांनी तिच्याकडं पाहिलं. गोपाल मागून येऊन ‘झालं ना, चला घरी’ म्हणेपर्यंत नाकाड्या वळलाही होता. सोजराबाई खाली उतरल्या. “मी नाई येत. मी इथं चहा पिते. तुम्ही दोघं चढा-उतरा दिवसभर.”

खाली पायथ्याशी ते थांबले. दोन ट्रक जाऊ दिले, एक वऱ्हाडाची गाडी जाऊ दिली. रस्ता मोकळा झाला तेव्हा अनुपमा म्हणाली, “आता.”

ह्या वेळी त्यांचा हात दांड्याकडं गेलाच नाही. वळणामागून वळण आलं आणि गेलं. “बारा, बारा, बारा,” एवढंच शेजारून येत होतं, आणि अर्जुनरावांना ते कानात गोड लागत होतं. जिथं ते उभे राहायचे, जिथं पाण्याचे डबे घेऊन उतरायचे, ती सगळी ठिकाणं खिडकीतून मागं पडत गेली. एकेक ओळखीची होती, पण थांबून नीट बघायला वेळच नव्हता. शेवटच्या वळणावर चढ एकदम उभा होतो. नाकाड्या थोडा दबला, गुरगुरला, आणि तिसऱ्यावरच वर आला.

अनुपमानं लॅपटॉप मिटला. “झालं, मामाजी.”

अर्जुनरावांनी दांड्यावरून एकदा तळवा फिरवला. मग इंजिन बंद केलं.

टपरीपाशी सोजराबाईंनी तोवर दहा-बारा माणसं जमवली होती आणि त्यांना दाताची गोष्ट सांगून झाली होती. लोक नाकाड्याभोवती फिरले, नाक थोपटलं, टर्बो कुठला ते विचारलं. एक जण म्हणाला, “कोणा मिस्तऱ्यानं केलं जी हे?”

अर्जुनराव उत्तर देणार, तेवढ्यात पुढच्या चाकापाशी उकिडवी बसलेली अनुपमा सगळ्यांच्या देखत म्हणाली, “मामाजी, हे डावं चाक घासून राह्यलं. बेअरिंग तुम्ही उलटी बसवली वाटते.”

माणसं अर्जुनरावांकडं बघायला लागली. सोजराबाईंचा चहाचा कप ओठाशीच थांबला. अर्जुनरावांनी चाकापाशी जाऊन ते हातानं हलवून पाहिलं. मग बाजूला होत म्हणाले, “हाव. उलटीच हाय. मधल्या वळणापासून मलेही आवाज येऊन राह्यला होता. पण आधी चहा पी, थंडा होते.”